विमानवाहू जहाजावरील गोतावळा

विमानवाहू जहाजाचें चित्र आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलेलें असतें. समुद्रावर एक प्रचंड सपाट मैदान तरंगत आहे, एका कडेला मनोऱ्यासारखी उंच बांधणी आहे, आणि मैदानावर पंख मिटून विमानें दाटीवाटीनें उभीं आहेत, असें तें चित्र. पाहणाराचें लक्ष साहजिकच जहाजाच्या विस्ताराकडे जातें. विमानांकडे गेलेंच तर त्यांच्या संख्येकडे. तीं सारीं एकाच जातीचीं आहेत कीं निरनिराळ्या, आणि निरनिराळ्या असल्यास तशीं कां, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः गेल्या शंभर वर्षांतील आरमारी युद्धांत कांहीं अत्यंत महत्त्वाच्या प्रसंगांचा निकाल याच प्रश्नाशीं निगडित झालेला आहे. जहाजाच्या पोटांत कोणकोणत्या जातीचीं विमानें कोणत्या प्रमाणांत भरलेलीं होतीं, यावर हजारों माणसांचे प्राण अवलंबून राहिले. प्रस्तुत लेखांत या अंगाचाच थोडा विचार करावयाचा आहे.

जमिनीवरील विमानतळास जागेची ददात नसते. एका जातीचें विमान कमी पडलें तर शेजारच्या तळावरून मागवितां येतें. नव्या जातीचें आलें तर आणखी एक छप्पर उभारलें म्हणजे झालें. जहाजाची गोष्ट वेगळी. तेथें हात-दोन हात जागाही मोजून दिलेली असते. वरचा सपाट डेक, त्याखालीं हँगर नांवाचें लांबलचक कोठार, आणि या दोहोंमध्यें विमानें खालवर नेणाऱ्या दोन-तीन लिफ्टा, एवढाच काय तो संसार. विमान कितीही उत्तम असो, त्याचे पंख लिफ्टच्या चौकटींत मावले नाहींत, किंवा त्याचा माथा हँगरच्या छतास टेकूं लागला, तर त्या जहाजापुरतें तें निरुपयोगी होय. शिवाय प्रत्येक जात आपल्याबरोबर आपलें बिऱ्हाड घेऊन येते. तिचे सुटे भाग निराळे, हत्यारें निराळीं, तिची दुरुस्ती जाणणारे कारागीर निराळे. एका जातीच्या विमानावर तयार झालेल्या वैमानिकास दुसऱ्या जातीच्या विमानांत बसवून हलत्या डेकावर उतरावयास लावणें म्हणजे त्याच्या प्राणाशीं खेळणेंच आहे. म्हणून एक जात वाढविली कीं दुसऱ्या कोणत्या तरी जातीचीं दोन-चार विमानें कमी करावीं लागतात.

बरें, जाती थोड्या ठेवाव्या म्हटलें तर तेंही चालत नाहीं. शत्रूचें विमान पाडण्यास चपळ व हलकें विमान पाहिजे; त्याचें जहाज बुडविण्यास जड बॉंब किंवा पाणतीर वाहणारें पाहिजे; आणि मुळांत शत्रू आहे कोठें हें शोधून काढण्यास तासन् तास आकाशांत राहूं शकणारें विमान पाहिजे. आपल्या जुन्या गांवगाड्यांत लोहाराचें काम सुतार करूं शकत नसे, तसाच हा प्रकार. मात्र गांवांत बारा बलुतेदारांस बारा घरें मिळत. येथें साऱ्यांना एकाच छपराखालीं नांदावयाचें असतें.

जहाजावरून विमान उडविण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेंत झाला. युजीन एली या वैमानिकानें १४ नोव्हेंबर १९१० रोजीं ‘बर्मिंगहॅम’ या क्रूझरवर बांधलेल्या लांकडी माचावरून उड्डाण केलें, आणि १८ जानेवारी १९११ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत ‘पेनसिल्व्हानिया’ या जहाजावर तो उतरला. हीं दोन्ही जहाजें नांगरलेलीं होतीं. चालत्या जहाजावर प्रथम उतरला तो इंग्रज आरमाराचा एडविन डनिंग. ‘फ्यूरियस’ या जहाजावर २ ऑगस्ट १९१७ रोजीं त्यानें ‘सॉपविथ पप’ जातीचें चिमुकलें विमान उतरविलें; पांचच दिवसांनीं तोच प्रयोग पुन्हां करतांना विमान समुद्रांत पडून त्याचा अंत झाला. तरी प्रयत्न थांबले नाहींत. १९१८ मध्यें याच ‘फ्यूरियस’वर एकासनी ‘कॅमल’ हीं लढाऊ विमानें आणि दोन माणसांचीं टेहळणीचीं विमानें अशा दोन जाती नांदूं लागल्या होत्या. त्यांपैकीं सात कॅमल विमानांनीं १९ जुलै रोजीं टॉंडर्न येथील जर्मन तळावर हल्ला करून दोन झेपेलिन जाळलीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ‘आर्गस’ या पूर्ण सपाट डेकाच्या पहिल्या जहाजावर पाणतीर वाहणारीं ‘कुक्कू’ विमानें चढविण्यांत आलीं. पण तीं लढाईंत उतरण्यापूर्वींच ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलें. सारांश, लढणारें, शोधणारें आणि बुडविणारें या तीन मूळ जाती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीसच जन्मास आल्या होत्या. पुढचा इतिहास यांच्या वांटणीचा आहे.

पुढील वीस वर्षांत ही विद्या मुख्यतः इंग्लंड, अमेरिका व जपान या तीन राष्ट्रांनीं वाढविली. इंग्लंडनें ती प्रथम हस्तगत केली आणि तेंच प्रथम मागें पडलें, ही आश्चर्याची गोष्ट आहे. १ एप्रिल १९१८ रोजीं तेथें स्वतंत्र हवाई दल स्थापन झालें आणि आरमाराचीं विमानें त्याच्या ताब्यांत गेलीं. तीं आरमारास पूर्णपणें परत मिळावयास १९३९ सालचा मे महिना उजाडावा लागला. हवाई दलाच्या दृष्टीनें जहाजावरचीं विमानें म्हणजे सावत्र मुलें. शिवाय इंग्रज जहाजांवर विमानें हँगरांतच ठेवण्याचा प्रघात असल्यानें त्यांची संख्याही थोडी. मग साहजिकच विचार असा निघाला, कीं एकाच विमानाकडून दोन-तीन कामें करून घ्यावीं. ‘स्कुआ’ हें लढाऊही आणि सूर मारून बॉंब टाकणारेंही. ‘फुल्मार’ हें लढाऊ, पण समुद्रावर वाट चुकूं नये म्हणून त्यांत दुसऱ्या माणसाची जागा. परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. शत्रूच्या हलक्या एकासनी विमानांशीं गांठ पडली म्हणजे हीं दोन्ही जड पडत.

याच विचारांतून जन्मलेलें तिसरें विमान मात्र अजरामर झालें. ‘सोर्डफिश’ हें दोन मजली पंखांचें, कापडानें मढविलेलें, ताशीं १४० मैलांचा वेगही मुष्किलीनें गांठणारें विमान. पाणतीर टाकणें, तोफांच्या माऱ्याची निरीक्षा करणें व टेहळणी करणें या तीन कामांकरितां तें योजिलेलें होतें. पुढें त्याच्या पंखांखालीं बॉंब, प्रकाशज्योती, पाणसुरुंग, वाटेल तें टांगण्यांत आलें; तेव्हां खलाशांनीं त्याला बाजारच्या जाळीच्या पिशवीचें नांव दिलें. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं ‘इलस्ट्रियस’वरून निघालेल्या अशा २१ विमानांनीं तारांतो बंदरांत इटलीचीं तीन मोठीं लढाऊ जहाजें निकामी केलीं, आणि स्वतःचीं अवघीं दोन गमावलीं. २६ मे १९४१ रोजीं ‘आर्क रॉयल’वरील याच जातीच्या विमानानें ‘बिस्मार्क’चें सुकाणूं जायबंदी करून तिचें भवितव्य ठरविलें. या विजयांनीं दिपून जाण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दोन्ही प्रसंगीं शत्रूचीं लढाऊ विमानें आकाशांत नव्हतीं. १२ फेब्रुवारी १९४२ रोजीं इंग्लिश खाडींत तीं होतीं. त्या दिवशीं किनाऱ्यावरून निघालेलीं सहा सोर्डफिश सहाही पडलीं आणि त्यांतील १८ माणसांपैकीं १३ जण प्राणास मुकले.

अमेरिका व जपान यांनीं दुसरा मार्ग धरिला. दोघांच्याही जहाजांवर तीन जाती स्पष्टपणें वेगळ्या ठेवलेल्या असत: एकासनी लढाऊ, सूर मारून बॉंब टाकणारें, आणि पाणतीर टाकणारें. जागेचा प्रश्न दोघांनाही होताच. पण तो सोडविण्याची तऱ्हा निराळी. जपानी ‘झीरो’ विमानाच्या पंखांचीं फक्त टोकें, प्रत्येकीं सुमारें अर्धा मीटर, वर मुडपत, कारण लिफ्टमध्यें तेवढेंच अडत होतें. अमेरिकेंत लेरॉय ग्रुमन यानें पक्ष्याप्रमाणें पंख मागें वळवून अंगालगत मिटण्याची युक्ति काढिली. तिच्यामुळें १९४२ च्या उन्हाळ्यांत अमेरिकन जहाजावरील ‘वाइल्डकॅट’ लढाऊ विमानांची संख्या १८ वरून २७ वर गेली. नवें विमान जड झालें, चढण्यांत मंद झालें, आणि वैमानिक त्यावर नाखूष होते. परंतु जहाजावर उत्तम विमानापेक्षां मावणारें विमान श्रेष्ठ, हा येथील न्याय आहे. इंग्रजांनीं तर पुढें अमेरिकेकडून घेतलेल्या ‘कॉर्सेअर’ विमानांच्या पंखांचीं टोकें आठ-आठ इंच छाटून टाकिलीं. मिटलेले पंख त्यांच्या हँगरच्या बुटक्या छतास लागत होते!

या दोन राष्ट्रांच्या योजनांची कसोटी ४ जून १९४२ रोजीं मिडवे बेटाजवळ लागली. ती थोडी विस्तारानें पाहण्यासारखी आहे.

जपानी सेनापति नागुमो याच्याजवळ ‘आकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ व ‘हिर्यू’ हीं चार विमानवाहू जहाजें होतीं. तिन्ही जातींचीं विमानें उत्कृष्ट, वैमानिक त्याहून उत्कृष्ट. उणीव होती ती चौथ्या जातीची. प्रहार करणारें विमान शोधाशोधींत खर्चीं घालणें हा जपानी आरमारास अपव्यय वाटे. म्हणून टेहळणीचें काम बहुतांशीं सोबतच्या क्रूझरांवरील पाण्यावर उतरणाऱ्या विमानांवर सोंपविलेलें असे. त्या पहांटे अफाट समुद्र धुंडाळण्यास अवघीं सात विमानें पाठविण्यांत आलीं, आणि त्यांतलें ‘टोने’ क्रूझरवरचें एक अर्धा तास उशिरां निघालें. नेमकें त्याच्याच वाट्याच्या दिशेंत अमेरिकन जहाजें होतीं.

इकडे नागुमोनें मिडवे बेटावर १०८ विमानांची पहिली लाट सोडली होती. तिन्ही जातींचीं प्रत्येकीं ३६. उरलेलीं प्रहारक विमानें, न जाणों शत्रूचीं जहाजें दिसलींच तर, म्हणून राखून ठेविलीं होतीं. ‘आकागी’ व ‘कागा’ यांवरील नाकाजिमा विमानांना पाणतीर लावलेले होते. हें विमान पाणतीरही नेई आणि बॉंबही नेई; म्हणजे एका अर्थीं तेंही दोन कामांचें. बेटावर दुसरा हल्ला करणें अवश्य दिसतांच ७ वाजून १५ मिनिटांनीं नागुमोनें पाणतीर काढून बॉंब चढविण्याचा हुकूम दिला. हें काम तासाहून अधिक वेळाचें. तें चालूं असतांनाच ‘टोने’च्या विमानाचा संदेश आला, कीं शत्रूचीं दहा जहाजें दिसतात. कोणत्या जातीचीं, तें त्यानें सांगितलें नाहीं. काम थांबविण्यांत आलें. शत्रूजवळ एक विमानवाहू जहाज असल्याचें दिसतें, ही बातमी येईपर्यंत ८ वाजून २० मिनिटें झालीं होतीं. बॉंब उतरवा, पुन्हां पाणतीर चढवा! तोंपर्यंत बेटावरून परतलेलीं विमानें डोक्यावर घिरट्या घालूं लागलेलीं. तीं आधीं उतरवून घेणें भाग. एका विमानाकडून दोन कामें घेण्याची सोय ती हीच, पण कोणतें काम घ्यावयाचें हें सांगणारा डोळाच नसल्यामुळें ती सोय गळफांसासारखी आवळत गेली.

अमेरिकनांच्या तीन जहाजांवरील पाणतीर-विमान ‘डेव्हास्टेटर’ हें तर सर्वथा कालबाह्य झालेलें होतें. त्या सकाळीं अशा ४१ विमानांनीं हल्ला केला. एकाचाही पाणतीर लागला नाहीं, आणि मोजकींच परत आलीं. ‘हॉर्नेट’वरील तुकडीचीं तर पंधराच्या पंधरा पडलीं, तीस माणसांपैकीं जॉर्ज गे हा एकटा पाण्यावर तरंगत वांचला. पण जपानी लढाऊ विमानें या संहारांत गुंतलेलीं असतांना, साडेदहाच्या सुमारास, उंचावरून ‘डॉंटलेस’ जातीचीं विमानें कोसळलीं. या डॉंटलेसची कथा आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार बोधक आहे. प्रत्येक अमेरिकन जहाजावर यांच्या दोन तुकड्या असत. एकीचें नांव टेहळणीची तुकडी, दुसरीचें बॉंबफेकी तुकडी. विमान मात्र एकच. म्हणजे शोधणारी जात आणि प्रहार करणारी जात यांचे सुटे भाग, हत्यारें, कारागीर सारे सामाईक. इंग्रजांनीं लढाऊ व बॉंबफेकी या परस्परविरुद्ध कामांची मोट बांधली होती. अमेरिकनांनीं लांबवर जाणें आणि जड ओझें नेणें या एकमेकांस पूरक गुणांची सांगड घातली. एकत्र करावयाचीं कामें कोणतीं याची निवड अशी महत्त्वाची आहे. अर्थात् त्या सकाळीं जपानी ताफ्याचा पहिला पत्ता बेटावरून निघालेल्या ‘कॅटालिना’ विमानानें लाविला होता, तें श्रेय त्याचेंच. पुढें तीं जहाजें जागेवरून हललेलीं असतां, एका एकट्या जपानी विनाशिकेच्या मार्गाचा माग काढीत मॅक्‌क्लस्की यानें आपलीं डॉंटलेस तेथवर नेलीं. कांहीं मिनिटांत ‘आकागी’, ‘कागा’ व ‘सोर्यू’ पेटलीं. ‘हिर्यू’ची गत संध्याकाळीं तीच झाली. त्या क्षणीं जपानी डेकांवर विमानें उड्डाणास सज्ज होऊन उभीं होतीं अशी कथा पुष्कळ वर्षें सांगितली जात असे; आजचे इतिहासकार ती मानीत नाहींत. विमानें खालीं हँगरांत होतीं, पेट्रोलनें भरलेलीं. आणि उतरविलेले बॉंब घाईंत तेथेंच पडलेले होते.

मिडवेनंतर अमेरिकन जहाजांवरील प्रमाण झपाट्यानें बदललें. १९४३ सालीं ‘एसेक्स’ वर्गाच्या मोठ्या जहाजावर ३६ लढाऊ, ३६ सूर मारणारीं व १८ पाणतीर-विमानें असत. १९४४ च्या ऑक्टोबरापासून जपानी आत्मघातकी विमानें जहाजांवर आदळूं लागलीं आणि वर्षअखेर हा हिशेब ७३, १५ व १५ असा झाला. लढाऊ विमानासच बॉंब बांधून तेंही काम भागविण्यास आरंभ झाला. नवीं इंजिनें इतकीं बलवान् झालीं होतीं, कीं पूर्वीं इंग्रजांस जें साधलें नाहीं तें आतां साधूं लागलें. ही वृत्ति पुढें केव्हां जोर करणार हें आपण पाहूंच.

जाता जातां एक विलक्षण पाहुणा सांगण्याजोगा आहे. १८ एप्रिल १९४२ रोजीं ‘हॉर्नेट’वरून भूदलाचीं १६ अवजड ‘बी-२५’ विमानें टोकियो वगैरे शहरांवर गेलीं. तीं डेकावरून उडूं शकत होतीं, उतरूं शकत नव्हतीं. लिफ्टमधून खालीं जाणेंही अशक्य. तीं वर बांधून ठेवल्यामुळें जहाजाचीं स्वतःचीं विमानें हँगरांत कोंडलीं गेलीं, आणि ‘हॉर्नेट’चें रक्षण करण्यास ‘एंटरप्राइझ’ला सोबत जावें लागलें. परक्यासाठीं घरच्यांनीं माजघरांत बसावें, तसेंच हें.

युद्धानंतर जेट विमानें आलीं. तिरपा डेक, वाफेचा गोफणयंत्रासारखा कॅटापुल्ट आणि उतरण्यास दिशा दाखविणारा आरसा या तीन इंग्रजी युक्तींनीं त्यांचा वावर शक्य केला. अमेरिकेनें जहाजें अवाढव्य बांधलीं, आणि घर मोठें झालें म्हणजे पाहुणे वाढतात या न्यायानें जातीही वाढल्या. १९८० नंतरच्या दहा वर्षांत अशा एका जहाजावर ‘टॉमकॅट’ हें लढाऊ, ‘इंट्रूडर’ हें रात्रीं-पावसांत बॉंब टाकणारें, ‘कॉर्सेअर’ या जुन्याच नांवाचें हलकें प्रहारक विमान किंवा त्याच्या जागीं नवें ‘हॉर्नेट’, शत्रूचें रडार आंधळें करणारें ‘प्राउलर’, पाठीवर तबकडीएवढा रडार वाहणारें ‘हॉकआय’, पाणबुडी शोधणारें ‘वायकिंग’, आणि यांखेरीज हेलिकॉप्टरें, अशी सात जातींची वस्ती असे. टपाल आणि सुटे भाग आणणारें ‘ग्रेहाउंड’ अधूनमधून येई तें वेगळेंच. खलाशांच्या दृष्टीनें घरचीं पत्रें आणणारें हेंच विमान सर्वांत लाडकें असल्यास नवल नाहीं.

आपल्या देशानें या विद्येंत पाऊल टाकिलें तें असल्या ऐश्वर्यांत नव्हे. इंग्लंडमध्यें महायुद्धाच्या काळांत अर्धवट राहिलेलें ‘हर्क्युलीस’ हें जहाज १९५७ सालीं विकत घेऊन पुरें करविण्यांत आलें, आणि ४ मार्च १९६१ रोजीं बेलफास्ट येथें तें ‘विक्रांत’ या नांवानें भारतीय आरमारांत दाखल झालें. नोव्हेंबरांत तें मुंबईस आलें, आणि डिसेंबरांत गोव्याच्या मुक्तीच्या वेळीं किनाऱ्यापासून दूर समुद्रांत उभें होतें. सुमारें सातशें फूट लांबीच्या या जहाजावर जाती अवघ्या तीन. इंग्रजी बनावटीचें एकासनी जेट ‘सी हॉक’ हें लढाऊ व प्रहारक. फ्रेंच बनावटीचें तीन माणसांचें पंख्याचें ‘आलिझे’ हें पाणबुडी शोधणारें. आणि फ्रेंच ‘आलुएत’ हेलिकॉप्टर, जें पुढें आपल्याकडे ‘चेतक’ नांवानें तयार होऊं लागलें. विमान उडतांना व उतरतांना हें हेलिकॉप्टर जहाजाच्या बाजूस तरंगत राही. एखादा वैमानिक समुद्रांत पडलाच तर त्यास उचलून आणणें हें त्याचें काम. डनिंगच्या वेळीं असें कांहीं असतें तर, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

१९७१ च्या डिसेंबरांत या लहानग्या गोतावळ्याची परीक्षा झाली. विक्रांतच्या चार बॉयलरांपैकीं एकास तडा गेलेला, त्यामुळें वेग मंदावलेला. आणि वेग मंद म्हणजे डेकावरचा वारा कमी, विमान उडविणें कठीण. तशा स्थितींत ४ डिसेंबरपासून सी हॉक विमानांनीं कॉक्स बझार व चितगांव येथील धावपट्ट्या आणि बंदरें यांवर हल्ले केले. पाणबुड्यांसाठीं घेतलेलीं आलिझे विमानेंही बॉंब व रॉकेटें घेऊन बंदरांवर गेलीं. तीन जातींत भागवावयाचें म्हणजे प्रत्येकीनें शेजारणीचें काम अंगावर घ्यावयाचें, हें ओघानेंच आलें. शत्रूच्या लढाऊ विमानांचा उपद्रव तेथें फारसा नव्हता ही गोष्टही नोंदविली पाहिजे. एखादी जात टाकल्याचा दंड कधीं भरावा लागतो आणि कधीं लागत नाहीं, हें पुष्कळदां समोरच्यावर अवलंबून असतें.

इंग्लंडला तो दंड १९८२ सालीं भरावा लागला. १९७८ मध्यें त्यांचें शेवटचें मोठें विमानवाहू जहाज ‘आर्क रॉयल’ रजा घेतें झालें, आणि त्याबरोबर आकाशांतून दूरवर रडारनें पाहणारीं ‘गॅनेट’ विमानेंही गेलीं. काटकसरीच्या हिशेबांत हा डोळा अनावश्यक ठरला. चारच वर्षांनीं अर्जेंटिनानें फॉकलंड बेटें घेतलीं, आणि ‘हर्मीस’ व ‘इन्व्हिन्सिबल’ हीं दोन जहाजें आठ हजार मैलांवर लढावयास गेलीं. त्यांच्याजवळ आखूड डेकावरून उडून उभें उतरणारीं ‘सी हॅरिअर’ विमानें होतीं, आरंभीं सारीं मिळून वीस. हवाई झुंजींत त्यांपैकीं एकही पडलें नाहीं. परंतु समुद्राला घासून येणारें विमान त्यांना वेळेवर दाखविणार कोण? ४ मे रोजीं किनाऱ्यावरून आलेल्या दोन ‘सुपर एतांदार’ विमानांनीं सोडलेल्या क्षेपणास्त्रानें ‘शेफील्ड’ ही विनाशिका पेटली आणि २० माणसें दगावलीं. गंमत अशी, कीं त्या हल्लेखोरांस वाट दाखविली ती ‘नेपच्यून’ या अर्जेंटिनाच्या जुन्यापुराण्या टेहळणी विमानानें. मग इंग्लंडांत धांवपळ उडाली. ‘सी किंग’ हेलिकॉप्टरच्या कुशीस रडार टांगून कांहीं आठवड्यांत नवी जात उभी करण्यांत आली. ती घेऊन जहाज दक्षिणेस पोंचलें तेव्हां युद्ध संपून गेलें होतें.

अर्जेंटिनाचीही एक बाजू सांगितली पाहिजे. त्यांचें ‘वेंतिसिंको दे मायो’ हें जहाज आपल्या विक्रांतचेंच जवळचें नातलग. त्यावरील ‘ट्रॅकर’ या टेहळणी विमानानें १ मेच्या रात्रीं इंग्रज ताफा शोधून काढला. डोळ्यानें आपलें काम चोख केलें. पण दुसऱ्या दिवशीं पहांटे वारा पडला, आणि बॉंब भरलेलीं ‘स्कायहॉक’ विमानें त्या जुन्या जहाजावरून उडवितां येईनात. हल्ला सोडून द्यावा लागला.

हीच ‘हर्मीस’ पुढें आपण विकत घेतली आणि मे १९८७ मध्यें ती ‘विराट’ झाली. सी हॅरिअर विमानें गोव्याच्या दाबोळी तळावर १९८३ सालींच आलेलीं होतीं. विक्रांतवरील आलिझेही १९८७ त उतरलीं, कॅटापुल्ट काढण्यांत आला आणि पुढच्या टोकास उंचवटा बांधण्यांत आला. कॅटापुल्ट गेला म्हणजे जड पंख्याचें रडार-विमान जहाजावरून उडविण्याची आशाही गेली. म्हणून आपल्या आरमारानें रशियाकडून ‘कामोव्ह-३१’ हें हेलिकॉप्टर घेतलें, ज्याच्या पोटाखालीं मिटवून ठेवलेला रडार आकाशांत गेल्यावर उलगडून फिरूं लागतो. हॉकआयइतकें उंच व दूर तें जाऊं शकत नाहीं. तरीही फॉकलंडचा धडा ज्यांनीं वाचला असेल त्यांस हें हेलिकॉप्टर किती मोलाचें तें सांगावयास नको. जुनी विक्रांत पुढें मुंबईस संग्रहालय म्हणून अनेकांनीं पाहिली; २०१४ सालीं ती दारूखान्यांत मोडण्यास गेली.

अमेरिकन जहाजांवर आज जातींची जी गर्दी होती ती ओसरलेली आहे. इंट्रूडर १९९७ सालीं गेलें, टॉमकॅट २००६ सालीं, वायकिंग २००९ सालीं. ‘सुपर हॉर्नेट’ हें एकच विमान लढतें, बॉंब टाकतें, दुसऱ्यांस आकाशांत पेट्रोल पाजतें, आणि त्याचेंच भावंड शत्रूचें रडार आंधळें करतें. सुट्या भागांचा हिशेब करणाऱ्यास याहून समाधान तें कोणतें! परंतु वायकिंगसारखें दूरवर जाऊन पाणबुडी शोधणारें विमान आतां त्या डेकांवर नाहीं. तें काम हेलिकॉप्टरांवर आणि किनाऱ्यावरच्या विमानांवर येऊन पडलें आहे. हॉकआयला मात्र कोणी हात लावलेला नाहीं, आणि २०२१ पासून ‘एफ-३५’ ही नवी जात त्या गोतावळ्यांत आली आहे.

कोची येथें बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजीं आरमारांत दाखल झाली. जुन्या विक्रांतहून ती सुमारें पन्नास मीटर लांब. तिच्यासाठीं रशियन ‘मिग-२९ के’, कामोव्ह-३१, अमेरिकन व स्वदेशी हेलिकॉप्टरें अशी वस्ती योजिलेली आहे. ‘तेजस’चा आरमारी नमुनाही फेब्रुवारी २०२३ मध्यें तिच्यावर उतरला. मिग विमानांच्या जोडीस कोणती जात घ्यावी याचा विचार चालूं असतां, फ्रेंच ‘राफेल’ व अमेरिकन सुपर हॉर्नेट या दोघांचीही दाबोळी येथील उंचवट्यावरून उड्डाण करण्याची परीक्षा २०२२ सालीं घेण्यांत आली. मिग आपले पंख मिटतें, राफेल मिटत नाहीं. तेव्हां लिफ्टच्या चौकटीचा तोच जुना प्रश्न पुन्हां चर्चेंत आला. अखेर एप्रिल २०२५ मध्यें २६ राफेल विमानांचा करार झाला. त्यांतील २२ एकासनी. उरलेलीं चार दोन आसनांचीं असून तीं जहाजावर न जातां किनाऱ्यावर वैमानिकांच्या शिक्षणासाठीं राहावयाचीं आहेत.